बातमी ‘लागते’ कशी? प्रेस नोट लिहिणाऱ्या सगळ्या सचिवांसाठी

रविवारी ठाण्यात किती कार्यक्रम उरकतात याची नोंद कुठे होत नसेल, पण वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसलेल्या माणसाला ती आपोआप कळते. सहयोग मंदिरात गुणगौरव, गडकरी रंगायतनला पुस्तक प्रकाशन, उपवनला स्वच्छता मोहीम, वर्तकनगरात आरोग्य शिबिर, कोपरीत हळदीकुंकू. संध्याकाळी सातच्या सुमारास या सगळ्यांच्या प्रेस नोट एकामागून एक येऊन पडतात. बहुतेकींची सुरुवात एकच असते: ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात खालील बातमी प्रसिद्ध करून उपकृत करावे, ही नम्र विनंती.’

हे वाक्य मी स्वतः कैक वेळा लिहिलंय. पुढे काही वर्षं डेस्कवर बसून ते रोज वाचलंयही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर लक्षात आलं ते एवढंच, की लिहिणारा प्रेस नोट लिहितो ती प्रमुख पाहुण्यांना आणि अध्यक्षांना बरं वाटेल अशी. वाचणारा मात्र एक उपसंपादक असतो. त्याच्या पानावर सिंगल कॉलममध्ये चार बोटं जागा उरलेली असते आणि पान सोडायला, म्हणजे छपाईला पाठवायला, चाळीस मिनिटं. चार बोटं म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे शब्द. त्याला तुमच्या दोन पानांतून ते शंभर शब्द उकरून काढायला लागले, तर तो पुढची मेल उघडतो. ते आयते हातात पडले, तर बातमी लागते. या लेखात जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

प्रसिद्धिपत्रक ही चीज आली कुठून, हे थोडक्यात. अमेरिकेत २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. रेल्वे कंपन्यांचा तेव्हाचा शिरस्ता होता अपघात झाकायचा. पण कंपनीचा जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली याने उलटं केलं. काय घडलं याचं निवेदन कंपनीकडूनच वर्तमानपत्रांना दिलं आणि बातमीदारांना घटनास्थळी न्यायची सोयही केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसंच्या तसं छापलं. पहिलं प्रसिद्धिपत्रक म्हणून सहसा त्याचंच नाव घेतलं जातं. ते जसंच्या तसं का छापलं गेलं असेल? बातमीदाराला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यात होतं म्हणून. कंपनीच्या कार्याचा गौरवशाली आढावा त्यात असता, तर आज कुणाला ते आठवलं नसतं.

आता मूळ प्रश्न: तुमच्याकडे बातमी आहे का?

कार्यक्रम झाला, ही बातमी नसते. कार्यक्रम रोज होतात. वर्धापनदिन दरवर्षी येतो, वृक्षारोपण दर पावसाळ्यात होतं, आणि वह्यावाटप तर जूनमध्ये गल्लोगल्ली असतं. माझी एक साधी कसोटी आहे. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना ओळखीचा माणूस भेटला आणि त्याने ‘काय विशेष?’ विचारलं, तर तुम्ही पहिलं वाक्य कोणतं बोलाल? ‘दीपप्रज्वलनाने सुरुवात झाली’ असं कुणीही बोलत नाही. ‘अरे, आमच्या शिबिरात दोनशे जण तपासले, त्यातल्या चाळीस जणांना साखर आहे हेच माहीत नव्हतं’ असं बोलाल. झालं, हाच तुमच्या बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीची ओळ. गंमत म्हणजे तोंडाने बरोबर बोलणारी माणसं हातात पेन आलं की दीपप्रज्वलनाकडे वळतात.

हळदीकुंकवाचंच घ्या. मकरसंक्रांत ते रथसप्तमी या काळात शहरात शेकडो होतात, त्यांची बातमी कोण घेणार? पण ज्या हळदीकुंकवाला विधवा बायकांना मानाने बोलावलं, त्याची घेतली जाते. ग्रामपंचायतीचे ठरावही रोज होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो राज्यभर गाजला. जे रोज घडतं त्यापेक्षा काय वेगळं घडलं, आणि ते तुमच्या संस्थेबाहेरच्या माणसाला कुठे शिवतं, हे दोन प्रश्न आधी स्वतःला विचारा. उत्तर मिळालं नाही, तर प्रेस नोट लिहू नका. कार्यक्रमाचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, तिथे त्यांना न्याय मिळतो.

आपल्या शहराचंच जुनं उदाहरण पाहू. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याकडे निघाली. १४ डबे, तीन इंजिनं, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. आजच्या एखाद्या उत्साही सचिवाने ही प्रेस नोट लिहिली असती, तर सुरुवात तोफांनी झाली असती, मग पाहुण्यांची नावं मानाच्या क्रमाने, आणि गाडी ठाण्याला पोहोचल्याचं तिसऱ्या परिच्छेदात. वाचकासाठी बातमी काय होती? मुंबई ते ठाणे हे ३४ किलोमीटर आता वाफेच्या गाडीत बसून जाता येतं. तोफा नंतर.

हा ‘आधी-नंतर’चा हिशेब म्हणजेच पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात तो उलटा पिरॅमिड. महत्त्वाचं सगळ्यात वर, मग त्याचा तपशील, मग पूरक माहिती. ठाणेकराला हे गाडीच्या भाषेत लवकर कळेल. बातमी कापायची वेळ आली की उपसंपादक शेवटापासून कापतो. मागचे तीन डबे तोडून ठेवले तरी गाडी धावली पाहिजे. तुमचं इंजिन जर मधल्या डब्यात असेल, तर कापल्यावर उरतं ते स्टेशनात उभं राहतं.

एक नमुना जवळून बघू. संस्थेचं नाव वगळलंय आणि आकडे उदाहरणापुरते धरलेत, पण अशी नोट आठवड्याला दोन तरी यायच्या:

‘सालाबादप्रमाणे यंदाही आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन मोठ्या उत्साहात व आनंदी वातावरणात संपन्न झाला. कार्यक्रमाची सुरुवात मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन व गणेशवंदनेने झाली. याप्रसंगी व्यासपीठावर (इथे पदांसह अकरा नावं) आदी मान्यवर उपस्थित होते. सचिवांनी प्रास्ताविकात सोसायटीच्या कार्याचा आढावा घेताना ओल्या कचऱ्यापासून खतनिर्मितीच्या उपक्रमाचाही आवर्जून उल्लेख केला. तद्नंतर बालगोपाळांनी सादर केलेल्या बहारदार नृत्यांनी उपस्थितांची मने जिंकली. आभारप्रदर्शनानंतर अल्पोपाहाराने कार्यक्रमाची सांगता झाली.’

अशी नोट आली की वेळ असेल तर मी फोन करायचो.

‘काका, तो खताचा उपक्रम म्हणजे नक्की काय?’

‘अहो, आमच्याकडून गेलं वर्षभर ओला कचरा घंटागाडीत जातच नाही.’

‘एकदाही नाही?’

‘एकदाही नाही. सगळा इथेच जिरवतो. छप्पन्न कटकटी झाल्या सुरुवातीला.’

‘मग हे आधी का नाही लिहिलंत?’

‘लिहिलंय की! चौथ्या ओळीत बघा.’

काकांची चूक नाही. त्यांच्या दृष्टीने त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी गोष्ट अकरा मान्यवर आले हीच होती, आणि त्यांना आणायला ते महिनाभर खपले होते. पण खरी बातमी त्या ‘छप्पन्न कटकटीं’मध्ये होती. त्या फोनवरून तयार झाली ती अशी:

‘ठाणे : नौपाडा येथील ९६ घरांच्या एका गृहनिर्माण सोसायटीने गेल्या वर्षभरात ओला कचरा घंटागाडीत दिलेला नाही. रोजचा सुमारे ७० किलो ओला कचरा आवारातच जिरवला जात असून तयार होणारे खत रहिवाशांच्या कुंड्यांसाठी वापरले जाते.

इमारतीच्या मागील बाजूस बांधलेल्या चार हौदांत हे खत तयार होते. देखभालीसाठी प्रत्येक घराकडून महिना ६० रुपये घेतले जातात. “पहिले दोन महिने वासाच्या तक्रारी येत होत्या. नारळाचा भुसा टाकायला लागल्यापासून वास थांबला,” असे सोसायटीच्या सचिवांनी सांगितले.

इतर सोसायट्यांना हे हौद शनिवारी सकाळी ९ ते ११ या वेळेत पाहता येतील. सोसायटीच्या वर्धापनदिन कार्यक्रमात ही माहिती देण्यात आली.’

नव्वदएक शब्द झाले. शेवटचं वाक्य कापलं, तरी काही बिघडत नाही. शेवटचा परिच्छेद कापला, तरी बातमी उभी राहते. शिवाय घोडबंदर रोडला राहणाऱ्या, नौपाड्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही यात स्वतःच्या कामाचं काहीतरी सापडतं: साठ रुपये, नारळाचा भुसा, शनिवारची वेळ. ‘मोठ्या प्रमाणात खतनिर्मिती’ या शब्दांतून त्याला काय सापडलं असतं?

मराठीत बातमीचे प्रश्न सगळे ‘क’वरूनच सुरू होतात ही आपली सोय आहे: कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. पहिले चार लोक लिहितात. ‘का’ आणि ‘कसं’ विसरतात, आणि बातमीचा जीव बहुतेक वेळा याच दोघांत असतो. ‘कधी’च्या बाबतीत ‘आज’, ‘काल’, ‘नुकताच’ हे शब्द टाळा. नोट तुम्ही रविवारी लिहिता, ती छापून येते मंगळवारी. मग ‘काल’ म्हणजे नेमकं कधी? ‘रविवारी (ता. १२)’ असं लिहिलं की वाद मिटला. ‘कुठे’ लिहिताना ‘स्टेशनजवळ’ पुरत नाही. ठाणे पूर्व की पश्चिम, हे न कळल्यामुळे कोपरीच्या शिबिराला नौपाड्यात शोधत फिरलेली माणसं मला माहीत आहेत.

विशेषणांबद्दल काय बोलावं! कार्यसम्राट, दानशूर, लाडके, तडफदार, बहारदार, दिमाखदार. उपसंपादक ही सगळी नाइलाजाने खोडतो, आणि खोडाखोडीच्या नादात कधी एखादं कामाचं वाक्यही उडतं. दानशूर लिहिण्याऐवजी किती दिले ते लिहा. नावांची यादी टाळता येत नसेल, तर सगळ्यात खाली टाका. एक मात्र करा, पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही द्या, आणि ते त्या माणसाला विचारून लिहा. आडनावातला एक ह्रस्व-दीर्घ चुकला की छापून आलेल्या बातमीचा सगळा आनंद त्या घरापुरता संपतो.

अवतरणाचंही तसंच. ‘अशा उपक्रमांची आज समाजाला नितांत गरज आहे’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी घाला, चिकटतं. म्हणूनच ते निरुपयोगी. ज्याने काम केलं त्याला दोन मिनिटं बोलतं करा आणि त्याच्याच शब्दांत जे निघेल ते घ्या. वासाची तक्रार आली होती, हे सांगायला सोसायट्या लाजतात. पण अडचण कबूल केलेलं वाक्य वाचकाला खरं वाटतं, आणि बातमीदारालाही.

आता तांत्रिक भाग. यात नवख्यांचंच काय, मुरलेल्यांचंही घोडं अडतं.

पहिला शत्रू फाँट. डीटीपीवाल्याकडून नोट टाइप करून आणता आणि ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असते. या फाँटमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो. फाँट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. समोरच्याकडे तोच फाँट नसला, की तुमच्या वर्धापनदिनाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक ठाण्यात आणि टोकियोत एकच. मोबाइलवर मराठी कीबोर्डने लिहिलेलं सगळं युनिकोडच असतं. तेव्हा डीटीपीवाल्याला बाजूला ठेवा, फोनवर लिहा आणि मजकूर थेट मेलमध्ये चिकटवा.

लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून पाठवणं हा दुसरा प्रकार. सही-शिक्क्याने नोट अधिकृत दिसते, हे मान्य. पण त्या फोटोतला मजकूर कुणालातरी पुन्हा टाइप करावा लागतो. रात्री आठ वाजता तो ‘कुणीतरी’ सापडत नाही. लेटरहेड हवंच असेल तर जोडा, पण मजकूर वेगळा द्या. मेलच्या विषयाच्या जागी ‘प्रसिद्धीसाठी’ एवढंच लिहू नका, तिथे येणाऱ्या सगळ्याच मेल प्रसिद्धीसाठी असतात. ‘नौपाड्यातील सोसायटीचा ओला कचरा वर्षभर आवारातच’ असं लिहिलंत, तर अर्धं काम तिथेच झालं.

फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि छापताना फुटतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात जातो. फोटोत काय असावं? बॅनरखाली एका रांगेत बावीस जण, मधोमध पुष्पगुच्छ, असा फोटो सिंगल कॉलममध्ये घातला तर प्रत्येकाचा चेहरा तांदळाएवढा होतो. हौदात हात घालून खत दाखवणाऱ्या दोन बायकांचा फोटो पाठवा. खाली ओळ द्या, डावीकडून कोण कोण ते लिहा. मुलांचे फोटो असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय पाठवू नका. आरोग्य शिबिरातल्या रुग्णांच्या बाबतीतही हाच नियम, तिथे तर नावंसुद्धा नकोत.

वेळेचं गणित कुणी शिकवत नाही. कार्यक्रम आधी कळवायचा असेल तर दोन-तीन दिवस अगोदर चार ओळींचं निमंत्रण पुरतं. झालेल्या कार्यक्रमाची नोट त्याच दिवशी, शक्यतो पाचच्या आत पाठवा. स्थानिक पानं पहिल्या पानाच्या बरीच आधी सोडली जातात. तीन दिवसांनी आलेली बातमी शिळी, मग तिच्यात कितीही मसाला घाला. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, बातम्यांचा ओघ कमी. त्यामुळे सोमवारच्या अंकात साध्या पण चांगल्या बातमीला जागा मिळण्याची शक्यता जास्त. उलट २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला बहुतेक वर्तमानपत्रांची कार्यालयं बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. म्हणजे तुमचं झेंडावंदन छापून येणार दोन दिवसांनी, तेही गावभरच्या झेंडावंदनांच्या गर्दीत. त्यापेक्षा ते सोडून द्या.

कधीकधी नोटवर ‘अमुक वेळेपूर्वी प्रसिद्ध करू नये’ अशी अट असते. ही अट शब्दावर चालते, आणि ती मोडलेलीही आहे. मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीची बातमी रोखून धरायला सांगितलेली असताना असोसिएटेड प्रेसच्या एडवर्ड केनेडीने ती फोडली. त्याची नोकरी गेली. संस्थेने त्याबद्दल माफी मागितली ती २०१२ मध्ये, तोवर तो हयात नव्हता. सोसायटीच्या नोटला अशी अट घालायची काही गरज नसते. जे आज छापायचं नाही, ते आज पाठवायचं नाही.

खाली संपर्काचा नंबर द्या, आणि तो उचला. हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे. बातमीदार फोन करतो तेव्हा लोकांना वाटतं, आपल्यावर संशय घेतोय. घेतोच, आणि घ्यायलाच हवा. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत एम्युलेक्स या कंपनीच्या नावाने एक बनावट प्रसिद्धिपत्रक एका वृत्तसेवेवरून सुटलं: प्रमुख अधिकाऱ्याने राजीनामा दिला, नफ्याचे आकडे चुकीचे होते, वगैरे. मोठ्या वृत्तसंस्थांनी ते पडताळून न बघता पुढे पाठवलं आणि काही तासांत कंपनीचा शेअर साठ टक्क्यांहून अधिक कोसळला. ते रचणारा तेवीस वर्षांचा मुलगा त्याच वृत्तसेवेत आधी नोकरीला होता. तेव्हा सातला नोट पाठवून साडेसातला फोन बंद करून कार्यकर्त्यांबरोबर जेवायला बसू नका.

आणि पैसे? बातमी छापण्याचे पैसे नसतात. छापून हमखास यायलाच हवं असेल, तर जाहिरात द्या, ती उघडपणे जाहिरात म्हणून छापली जाते. बातमीच्या वेषातल्या विकतच्या मजकुरावर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१० मध्ये अहवाल काढला होता, म्हणजे रोग किती जुना आहे बघा. कुणी ‘बातमी लावून देतो, एवढे एवढे होतील’ म्हणालं, तर नमस्कार करून निघा.

नोट पाठवल्यावर एकदा फोन करायला हरकत नाही: ‘मेल मिळाली का, फोटो उघडतोय का?’ एवढंच. ‘लावा हं नक्की’ नको, आणि संपादकांची ओळख सांगणं तर मुळीच नको. छापून आल्यावर चूक दिसली तर त्याच दिवशी पान क्रमांक, छापलेलं वाक्य आणि बरोबर वाक्य असं तीन ओळींत मेल करा. दुरुस्ती छापली जाते.

खताची ती बातमी लागली त्या दिवशी सकाळी नऊलाच काकांचा फोन आला होता. बातमी झकास आहे, दोन सोसायट्यांनी शनिवारचं विचारलंय, सगळं बोलून झालं. मग आवाज जरा खाली आला.

‘पण अध्यक्षांचं नाव कापलंत हो. आता त्यांना काय सांगू?’

‘सांगा, शेवटच्या डब्यात बसले होते.’